जाळं आणि जळमट

अंगणातले शेजारी : लेखांक 9

घट बसायला आठवडा उरला की जालन्यात घरोघरी लांब काठीला केरसुणी बांधली जाते. छताचे कोपरे, पंख्याच्या दांड्या, माळ्यावरचे डबे, जुन्या माळवदी घरांतल्या तुळया, सगळं झाडून निघतं. मग तीच काठी त्याच झपाट्यात परसात येते. जास्वंदीतलं, लिंबाच्या फांद्यांतलं, तारेच्या कुंपणावरचं, जाळ्यासारखं जे दिसेल ते एका फटक्यात जातं. लहानपणी हे काम माझ्याकडे असायचं आणि मी ते मन लावून करायचो. आज मात्र काठी परसाच्या उंबऱ्याशी थांबवा, हे सांगायला बसलो आहे.

आपल्या भाषेत दोन वेगळे शब्द आहेत, तेच इथं कामाला येतील. जळमट म्हणजे सोडून दिलेलं, धूळ आणि काजळी धरून लोंबणारं. त्यात कुणी राहत नाही. जाळं म्हणजे राहतं घर, रोजचं काम चालू असलेलं. जळमट खुशाल काढा. जाळं मात्र राहू द्या. गेल्या आठवड्यात गांडुळाच्या निमित्तानं आपण मातीखाली उतरलो होतो, आज कमरेच्या उंचीवर येऊन या जाळ्यांकडे पाहू.

सध्या माझ्या परसात जास्वंद आणि कुंपणाची तार यांच्या मधल्या हातभर जागेत एक मादी बसली आहे. पिवळ्या अंगावर तपकिरी आडवे पट्टे, डोकं खाली, आणि आठ पाय दोन-दोन जोडून असे ताणलेले की लांबून चारच वाटावेत. पायांच्या रेषेत पांढऱ्या धाग्याची नागमोडी फुली विणलेली. कागदावर सही ठोकावी तशी ही खूण दिसते, म्हणून हिला सही करणारा कोळी म्हणतात. शास्त्रीय नाव अर्जिओपी अनसुजा, 1887 मध्ये थोरेल या स्वीडिश अभ्यासकानं दिलेलं. फुली नेमकी कशासाठी, यावर अभ्यासकांचं अजून एकमत नाही. तिच्यावरून परतणारे अतिनील किरण किड्यांना ओढून आणतात, असं काहींना वाटतं. पक्ष्यांना जाळं आधीच दिसावं आणि त्यांनी ते मोडू नये, असं काही म्हणतात.

परवा सकाळी तिच्या जाळ्यात नाकतोडा अडकला. हातातला चहा कठड्यावर ठेवून मी पाहत राहिलो. जाळं हललं त्याच क्षणी ती धावली, पण लगेच चावली नाही. मागच्या पायांनी पोटाच्या टोकाकडून रेशमाचे पट्टेच्या पट्टे ओढले, नाकतोड्यावर टाकले आणि त्याला फिरवत फिरवत गुंडाळलं. त्याचे काटेरी मागचे पाय झाडायचे थांबले, तेव्हा कुठं तिनं दंश केला. कोळ्याला घट्ट अन्न गिळता येत नाही. तो भक्ष्यावर पाचकरस सोडतो आणि विरघळलेला रस शोषून घेतो. जाळ्याखाली किड्यांची पोकळ टरफलं पडलेली दिसतात, ती त्यामुळे. जाळ्याच्या कडेला एक बारीक, फिकट कोळी दबकून बसला होता. तो नर. एकाच जातीचे असूनही दोघांच्या आकारात इतका फरक असतो की नवख्याला ते नर-मादी आहेत हे खरं वाटत नाही.

जालना हे सळईचं गाव. लोखंड वितळवायला भट्टी किती तापवावी लागते, ते इथल्या माणसाला सांगायला नको. कोळ्याच्या पोटातल्या ग्रंथीत प्रथिनांचा पाझर असतो, तो बाहेर ओढला जाता जाता धागा बनतो, कुठलीही आच न लावता. वजनाला वजन धरलं तर हा धागा पोलादाहून मजबूत भरतो आणि वर ताणतोही. पुन्हा सगळे धागे एकसारखे नसतात. चाकाच्या आऱ्यांसारखे उभे धागे कोरडे, त्यांच्यावरून ती पळते. फेरे घातलेला गोल धागा चिकट, त्यात किडा अडकतो. गोल जाळं विणणारे बरेच कोळी जुनं जाळं फुकट घालवत नाहीत. ते खाऊन टाकतात आणि त्यातली प्रथिनं नव्या विणीला वापरतात.

पण कोळी म्हटलं की जाळं आलंच, असं नाही. भिंतीवर, खिडकीच्या गजावर टुणकन उडी मारणारा करडा कोळी सगळ्यांनी पाहिला असेल. त्याच्या जवळ बोट न्या, तो वळून तुमच्याकडे पाहतो. आठ डोळ्यांपैकी समोरचे दोन मोठे असतात आणि त्यांची नजर फार तीक्ष्ण असते. उडीसाठी पाय झटक्यात लांब होतात ते अंगातल्या द्रवाच्या दाबानं. उडी मारण्याआधी तो एक धागा चिकटवून ठेवतो, म्हणजे नेम चुकला तरी खाली पडत नाही.

फुलांमध्ये खेकडा कोळी दडलेला असतो. पुढचे पाय पसरून तो पाकळीवर निश्चल बसतो आणि यातल्या काही जातींच्या माद्या काही दिवसांत पांढऱ्याच्या पिवळ्या होतात. झेंडूवरची माशी उडत का नाही म्हणून वाकून पाहिलं, तर खाली हा तिला धरून असतो. जमिनीवर पालापाचोळ्यात लांडगा कोळी फिरतो. त्याची मादी अंड्यांची गोल पिशवी पोटाच्या टोकाला बांधून हिंडते आणि पिलं निघाली की ती सगळीच्या सगळी तिच्या पाठीवर चढतात. पिलं आपापल्या वाटेला लागेपर्यंत ती हा भार वाहते.

आता मुख्य हिशेब. कोळी हा कीटक नाही. त्याला पाय आठ, शरीराचे भाग दोन, पंख नाहीत, मिशा नाहीत. तरी शेतीच्या बोलीत आपण त्याला मित्रकीटकांत बसवतो, कारण तो मावा, तुडतुडे, पतंग, बारक्या अळ्या, डास, माश्या खातो. जगभरचे कोळी मिळून वर्षाला 40 ते 80 कोटी टन भक्ष्य फस्त करतात, असा अंदाज 2017 मध्ये दोन युरोपीय संशोधकांनी मांडला. कपाशीच्या या जिल्ह्यात हे समजायला सोपं आहे. 2002 मध्ये बीटी कपाशीला परवानगी मिळाली, ती बोंडअळीसाठी. रस शोषणाऱ्या मावा-तुडतुड्यांवर त्या गुणाचा उपाय नाही. तिथं कोळी उपयोगी पडतो आणि फवारणीत आधी मरणाऱ्यांत तोही असतो. किडींची वीण झपाट्यानं भरून येते, कोळ्याला वेळ लागतो. म्हणून फवारणीनंतर काही दिवसांनी मावा पहिल्यापेक्षा जोरात आल्यासारखा वाटतो. परसातल्या चार वांग्यांनाही हेच लागू आहे.

एक गोष्ट मोकळेपणानं सांगायला हवी. मित्र आणि शत्रू हे शब्द आपले आहेत, कोळ्याचे नाहीत. खेकडा कोळी मधमाशीही पकडतो, सहीवालीच्या जाळ्यात फुलपाखरूही जातं. तरी एकूण बेरीज बागेच्याच बाजूची पडते. आणि ज्या परसात कोळी भरपूर, त्या परसात खाद्य आहे, आडोसा आहे, विष फारसं नाही, हे न विचारता कळतं.

भीतीचंही बोलू. अंगावर फोड आले की आपल्याकडे म्हणतात, ‘कोळी मुतला.’ पावसाळ्यात आगीसारखा जळजळणारा लांबट चट्टा उठतो, तो पुष्कळदा पेडेरस नावाच्या लहान भुंगेऱ्यामुळे. मुंगीसारखा लांबट, नारिंगी-काळा असा हा किडा दिव्याकडे येतो, मानेवर बसतो आणि आपण तो झोपेत चिरडतो. त्याच्या अंगातल्या रसानं कातडी भाजते आणि आळ कोळ्यावर येतो. दिव्याखाली असा किडा अंगावर बसला तर चिरडू नका, फुंकर मारून उडवा. कोळ्यांना विष असतं हे खरं, पण ते किड्यांसाठी. परसातले नेहमीचे कोळी माणसाच्या वाटेला जात नाहीत. तरीही हातात धरू नका, लांबून पाहा.

पाहायला जंगलातच जावं लागतं असंही नाही. ठाणे-कल्याण परिसरात सापडलेल्या उडी मारणाऱ्या एका कोळ्याची नवी जात म्हणून नोंद 2021 मध्ये झाली. तिला आयसियस तुकारामी हे नाव मिळालं, 26 नोव्हेंबर 2008 च्या रात्री कसाबची बंदूक धरून ठेवत प्राण देणारे पोलीस अधिकारी तुकाराम ओंबळे यांच्या स्मरणार्थ. ज्या जिवाला आपण केरसुणीनं झटकतो, त्याला एका शूर माणसाचं नाव द्यावं असं अभ्यासकांना वाटलं. एवढ्या गजबजलेल्या भागात आजवर कुणी न नोंदवलेला कोळी निघतो, तर आपल्या कुंपणावर काय काय असेल, हे पाहण्यासारखंच आहे.

या आठवड्यात दोन गोष्टी करून पाहा. पहाटे दव असताना गवताकडे वाकून बघा. एरवी न दिसणारी जाळी पांढऱ्या रुमालासारखी पसरलेली दिसतील, एका कडेला नरसाळ्यासारखं भोक आणि आत मालक. दुसरं, रात्री विजेरी कपाळाशी धरून जमिनीवर प्रकाश टाका. पाचोळ्यात हिरवट ठिणग्या चमकतील. ते लांडगा कोळ्यांचे डोळे. जवळ गेलात तर एखाद्या ठिणगीभोवती आणखी कितीतरी बारीक ठिणग्या दिसतील. ती पाठीवर पिलं घेतलेली आई असेल.

वाफ्यातला थोडा पाचोळा राहू द्या, मावा दिसला तर आधी नुसत्या पाण्याचा फवारा मारून पाहा. आणि साफसफाईला निघाल्यावर काठी उगारण्याआधी जाळ्यावर हलकी फुंकर घाला. धूळ उडाली तर ते जळमट, काढून टाका. कुणी हललं तर ते घर आहे.

पुढच्या आठवड्यात : ट्यूबलाइटमागची पाल.