अफूसाठी मेंदूत जागा कशाला?

अफूच्या बोंडाला चीर दिली की पांढरा चीक ओघळतो आणि वाळून तपकिरी होतो. मध्य प्रदेशातल्या नीमच-मंदसौर भागात आजही सरकारी परवान्याने हे पीक घेतात. त्यातून मिळणारे मॉर्फिन कॅन्सरच्या असह्य वेदनांवर देतात. पण आता नवल बघा. १९७३ साली अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात कँडेस पर्ट आणि सॉलोमन स्नायडर यांनी दाखवले, की मॉर्फिन चेतापेशींवरच्या ठरावीक प्रथिनांना, म्हणजे रिसेप्टरांना, जाऊन चिकटते. एका झाडाच्या चिकासाठी माणसाच्या मेंदूने जागा का राखून ठेवावी?

उत्तर मिळाले डुकरांच्या मेंदूत! स्कॉटलंडमधल्या ॲबर्डीनला जॉन ह्यूज आणि हान्स कोस्टरलिट्झ यांनी त्या मेंदूंचा अर्क काढला. गिनीपिगच्या आतड्याचा तुकडा विजेच्या झटक्याने आकसतो. मॉर्फिन घातले की हे आकसणे मंदावते. अर्कानेही नेमके तेच केले. मॉर्फिनचा परिणाम पुसणारे नॅलोक्सोन टाकताच तुकडा पूर्ववत! १९७५ मध्ये त्यांनी तो पदार्थ ओळखला. जेमतेम पाच अमिनो आम्लांची साखळी, नाव एन्केफॅलिन. म्हणजे ती जागा अफूची नव्हतीच. शरीर स्वतःच वेदनाशामक बनवते, आणि मॉर्फिन त्याच्या पाटावर आगंतुकासारखे येऊन बसते.

बसून करते काय? बोट चेंगरले की ती खबर मज्जारज्जूत पोचते. तिथे एक चेतापेशी रसायने सोडून पुढचीला निरोप देते. मॉर्फिन दोन्हीकडून अडवते. पहिलीत कॅल्शियम शिरू देत नाही, त्यामुळे रसायने फारशी सुटत नाहीत. दुसरीतून पोटॅशियम बाहेर जाऊ देते, त्यामुळे ती सहजासहजी चेतत नाही. मेंदूकडून खाली येणाऱ्या, वेदना दाबणाऱ्या वाटाही जाग्या होतात. जखम मात्र होती तशीच. ‘दुखतंय, पण त्याचं काही वाटत नाही,’ असे काही रुग्ण सांगतात. मला यातले सगळ्यात अद्भुत हेच वाटते.

हेच रिसेप्टर मेंदूतल्या श्वासाच्या केंद्रातही असतात. मात्रा जास्त झाली तर श्वास थांबतो तो यामुळे. तेव्हा नॅलोक्सोनच जीव वाचवते. आतड्यातही ते आहेतच, म्हणून मॉर्फिनने बद्धकोष्ठ होतो. जुलाबावरची लोपेरामाइडची गोळीसुद्धा ओपिऑइड, म्हणजे मॉर्फिनच्याच जातकुळीतली आहे. नेमून दिलेल्या मात्रेत घेतली, तर मेंदूच्या रक्तवाहिन्यांतली प्रथिने तिला बाहेरच ढकलतात. म्हणून जुलाब थांबतात, नशा चढत नाही.