चार चिंचोके, पंचवीस घरे

वेरूळच्या २१ आणि २९ क्रमांकाच्या लेण्यांत शिव-पार्वती सारीपाट खेळताना कोरले आहेत. बलिप्रतिपदेला द्यूतप्रतिपदा हेही नाव आहे आणि या दांपत्याच्या द्यूताची कथा त्या दिवसाशी जोडलेली आहे. सारीपाटाला भरजरी पट हवा, लाकडी सोंगट्या हव्यात. चल्लस-आठ या खेळाला मात्र फरशी, खडू आणि चार चिंचोके पुरतात. कर्नाटकात हाच खेळ चौकाबारा, तेलुगू मुलखात अष्टा-चम्मा.

चिंचोका दगडावर एका अंगाने घासायचा. तपकिरी साल जाऊन पांढरा गर दिसेपर्यंत तो इतका तापतो की शेजारच्याच्या हाताला चटका देण्याचा मोह मुलांना आवरत नाही. असे चार झाले की फासे तयार. जितके पांढरे वर, तितके दान. चारही तपकिरी पडले तर आठ. चार किंवा आठ पडले की पुन्हा टाकायचे.

आडवी पाच, उभी पाच अशी घरे आखायची. चारही कडांच्या मधल्या घरांत आणि केंद्रात फुली मारायची. कडेच्या फुलीवर आपल्या चार सोंगट्या बसतात; बांगडीच्या काचा, बटणे, खडे, काहीही चालते. बाहेरच्या रिंगणात उजवीकडून पंधरा घरे चालायचे, मग आत वळून उलट दिशेने आठ, शेवटी केंद्र. फुलीवरची सोंगटी मारता येत नाही. इतरत्र मेली तर पुन्हा आपल्या घरून सुरुवात, आणि मारणाऱ्याला एक दान जास्त. एक तरी सोंगटी मारल्याशिवाय आतल्या रिंगणात जाऊ द्यायचे नाही, हा नियम बऱ्याच घरांत असतो. मला तो आवडतो, कारण त्याशिवाय सगळे फुल्या धरून बसतात.

घासलेला चिंचोका दोन्ही अंगांवर सारखाच पडेल याची खात्री नसते. तरी खेळ खोटा ठरत नाही. सगळे तेच चार चिंचोके टाकतात. महाभारतातल्या द्यूतात दुर्योधनाच्या वतीने शकुनी फासे टाकतो, इथे प्रत्येकाचे दान प्रत्येकाच्या हाती.

दोन्ही अंगे सारखी धरली, तर चार चिंचोके १६ प्रकारे पडू शकतात. त्यांत दोनाचे दान ६ प्रकारे, एक आणि तीन प्रत्येकी ४ प्रकारे, चार आणि आठ प्रत्येकी एकदाच. सरासरी दान अडीच. चोवीस घरांच्या वाटेला एका सोंगटीची साधारण दहा दाने लागतात.

केंद्रात शिरायला नेमके दान लागते, आणि नवखे तिथेच फसतात. केंद्राच्या लगेच आधीच्या घरात घाईने जाऊन बसले की एकाचीच वाट पाहावी लागते. ते १६ पैकी ४ वेळा पडते. दोन घरे अलीकडे थांबलेल्या सोंगटीला मात्र ६ संधी असतात. हातात दुसरी सोंगटी चालवण्यासारखी असेल, तर तीच चालवावी आणि या सोंगटीला दोनाच्या दानाची वाट पाहू द्यावी.