वायफायवर कोण कोण आहे? घरातल्या प्रत्येक उपकरणाची ओळख अशी पटवा

वायफायचा पासवर्ड आपण पाहुण्यांना देतो, शेजारच्या मुलांना देतो. पुढे तो कुठवर पोहोचला, याचा पत्ता राहत नाही. नेट हळू चालणं ही लहान तक्रार. पण आपल्या कनेक्शनवरून कुणी फसवणूक केली, तर तपास आधी कनेक्शन ज्याच्या नावावर, त्याच्याच दारात येऊ शकतो.

मॅक ॲड्रेस म्हणजे काय?
मोबाइल, टीव्ही, कॅमेरा अशा प्रत्येक उपकरणाच्या वायफायला कारखान्यातच 12 अक्षरांचा क्रमांक मिळतो. त्यात 0 ते 9 अंक आणि इंग्रजी ए ते एफ अक्षरं असतात. पहिली सहा अक्षरं सहसा कंपनीची ओळख सांगतात.

यादी करा
राउटरच्या स्टिकरवरचा पत्ता (बहुधा 192.168.1.1 किंवा 192.168.0.1) ब्राउझरमध्ये टाका. लॉगिन करून 'कनेक्टेड डिव्हायसेस' उघडा. मग एकेकाचं वायफाय बंद करा आणि यादीतून कोण गेलं ते पाहा. 'अब्बांचा मोबाइल', 'हॉलमधला टीव्ही' अशी नावं देऊन वहीत क्रमांक लिहा.

इथे एक गोम आहे. अँड्रॉइड 10 आणि आयओएस 14 पासून फोन खरा क्रमांक लपवून बनावट क्रमांक देतात. दुसरं अक्षर 2, 6, ए किंवा ई असेल, तर तो बहुधा असाच. घरच्या नेटवर्कपुरती ही सोय वायफाय सेटिंगमधून बंद करता येते. मग फोन एकाच क्रमांकाने ओळखता येतो.

अलर्ट लावा
अनेक राउटरच्या ॲपमध्ये नवीन उपकरण जोडलं की सूचना देण्याची सोय असते. नसेल तर फिंगसारखं ॲप वापरा. फक्त नव्या उपकरणाचाच अलर्ट ठेवा. प्रत्येक ये-जा कळवायला लावली, तर फोन दिवसभर वाजेल आणि कामाची सूचना त्यातच हरवेल.

अनोळखी दिसलं तर?
लगेच शेजाऱ्यावर संशय घेऊ नका. यादीत कधी कधी टीव्हीऐवजी आतल्या चिपच्या कंपनीचं नाव दिसतं. आधी घरात विचारा, वही पाहा. तरीही उलगडा झाला नाही, तर वायफायचा आणि राउटरच्या लॉगिनचा, दोन्ही पासवर्ड बदला. सुरक्षा डब्ल्यूपीए 2 किंवा 3 ठेवा, डब्ल्यूपीएस बंद करा. नुसता मॅक ॲड्रेस ब्लॉक करणं पुरेसं नाही, कारण तो बदलता येतो.

पाहुण्यांसाठी 'गेस्ट नेटवर्क' वेगळं ठेवा. मेहमाननवाजीही राहील आणि घराचा पासवर्डही घरातच राहील. हे काम घरातल्या आठवी-नववीच्या मुलांना सोबत घेऊन करा, असं आम्ही सुचवू.