हायड्रोजनची गासडी

शहापूर-मुरबाडकडे वीज गेली की आमचे कारागीर भाई डिझेलचा जनरेटर लावतात. जानेवारी २०२३ मध्ये केंद्र सरकारने हरित हायड्रोजनची मोहीम मंजूर केली. तेव्हा हायड्रोजनवर जनरेटर परवडेल का? हिशेब पाहू.

सुटी रुई टेम्पोत भरली तर जागा संपते, वजन भरत नाही. म्हणून गासडी बांधतात. हायड्रोजनचेही तेच. १ किलो वायू साध्या दाबात सुमारे १२,००० लिटर जागा अडवतो. नायट्रोजनशी बांधून त्याचा अमोनिया केला, की तोच माल दाबाच्या टाकीत नऊ-दहा लिटरमध्ये मावतो. वजन मात्र पावणेसहा किलो.

ही बांधणी जुनीच आहे. अलिबागजवळ थळ येथे राष्ट्रीय केमिकल्स खतासाठी अमोनिया करते. त्यातला हायड्रोजन नैसर्गिक वायूतून येतो.

खरा खर्च गासडी सोडण्यात आहे. अमोनिया निकेलवरून सुमारे ९०० अंशांवर न्यावा लागतो, तेव्हा हायड्रोजन सुटतो. तारा काळ्या न पडता नरम करणारे भट्टीवाले हे पूर्वीपासून करतात, पण त्यांना दाम चकाकीचे मिळते, विजेचे नव्हे.

पाण्यातून १ किलो हायड्रोजन काढायला ५० युनिटांहून अधिक वीज लागते. त्यात ऊर्जा ३३ युनिटांची. बांधणी, सोडवणी आणि पुन्हा वीज करणे यांची घट धरता पाव हिस्सा हाती राहिला तरी पुष्कळ. शिवाय अमोनिया विषारी, गळला तर डोळे-छाती जाळतो. भरवस्तीतल्या गाळ्यात आम्ही तरी तो ठेवणार नाही. मोठ्या जहाजांची, खतकारखान्यांची गोष्ट निराळी.