शिंगं मोजा, मग बंदूक उचला: हरणांच्या शिकारीचा एक नियम आणि त्याची गोची

मागच्या भागानंतर पेनसिल्व्हेनियात शिकणाऱ्या एका श्रोत्याचा व्हॉइस मेसेज आला. त्याचा रूममेट तिथलाच. हा रूममेट थंडीत दिवसभर जंगलात मचाणावर बसला. संध्याकाळी समोर शिंगवाला नर आला. परवाना खिशात, बंदूक हातात. तरी त्याने गोळी झाडली नाही. का? तर "शिंगाची टोकं नीट मोजता आली नाहीत." आपला श्रोता विचारतो, हा काय प्रकार आहे?

प्रश्न भारी आहे, म्हणून आजचा अख्खा भाग त्यावरच.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने हरणाची शिकार हा गुन्हा आहे. अमेरिकेत मात्र ती कायदेशीर आहे. प्रत्येक राज्याचं खातं हंगाम ठरवतं, परवाने देतं आणि कुठलं हरीण मारायचं, कुठलं नाही, हेही सांगतं. तिथे लांडग्यासारखे मोठे शिकारी प्राणी बऱ्याच भागांतून कधीच संपले. हरणं वाढली की ती जंगलातली कोवळी रोपं खाऊन टाकतात आणि नवीन झाडं उभीच राहत नाहीत. म्हणून शिकार हा तिथे हरणांची संख्या आटोक्यात ठेवण्याचा मुख्य मार्ग आहे.

शिंग म्हणजे नक्की काय?

मराठीत आपण गाईचंही शिंग म्हणतो आणि हरणाचंही. पण दोन्हींत मोठा फरक आहे. गाईचं शिंग आयुष्यभर टिकतं. चितळ, सांबर किंवा अमेरिकेतला व्हाइटटेल, यांचं शिंग म्हणजे भरीव हाड. ते गळून पडतं आणि पुन्हा नवीन येतं. व्हाइटटेलमध्ये हे दर वर्षी होतं. वाढताना त्यावर मखमलीसारखी कातडी असते, नंतर ती सुकून निघते. या शिंगाला फाटे फुटतात आणि प्रत्येक फाट्याचं टोक म्हणजे एक 'पॉइंट'. आपल्या बारशिंग्याचं नावच टोकं मोजून पडलंय की! अमेरिकन शिकारीही तसंच बोलतात, 'एट पॉइंट' नर, 'टेन पॉइंट' नर.

शिंग किती मोठं होणार हे तीन गोष्टींवर ठरतं: वय, खाणं आणि आनुवंशिकता. ही तीन नावं लक्षात ठेवा, पुढे लागणार आहेत.

नियम आला कशासाठी?

पेनसिल्व्हेनियात पूर्वी अगदी छोटी शिंगं असलेला नरही मारता यायचा. त्यामुळे मारले जाणारे बहुतेक नर जेमतेम दीड वर्षाचे असायचे. म्हणजे शिंगांची पहिली जोडी आली की खेळ खल्लास. कळपात माद्या भरपूर आणि पूर्ण वाढलेले नर जवळपास नाहीत, अशी अवस्था.

गॅरी ऑल्ट हे तिथल्या हरीण विभागाचे प्रमुख होते. त्यांनी राज्यभर फिरून शिकाऱ्यांसमोर भाषणं दिली आणि २००२ मध्ये नवा नियम आला. राज्याच्या बहुतेक भागात नराच्या एका बाजूच्या शिंगाला किमान ३ टोकं हवीत, पश्चिम भागात ४. (पश्चिमेचा नियम पुढे बदलला.) टोक किमान एक इंच लांब असेल तरच धरायचं. लहान वयाच्या शिकाऱ्यांना सूट. सोबत माद्या मारण्याचे परवाने वाढवले, कारण संख्या खरी कमी होते ती माद्यांमुळे. यावरून शिकारी प्रचंड चिडले. 'जंगलात हरणंच दिसत नाहीत' ही तक्रार वर्षानुवर्षं चालली.

पण ठरवलेलं काम झालं. आज तिथे मारल्या जाणाऱ्या नरांपैकी निम्म्याहून जास्त अडीच वर्षांचे किंवा त्याहून मोठे असतात. त्या रूममेटने बंदूक खाली ठेवली, ती याच नियमामुळे. संधिप्रकाशात, फांद्यांच्या आडून, हलणाऱ्या डोक्यावर एक इंचाची टोकं मोजायची असतात. शंका असेल तर सोडून द्यायचं.

मग गोची कुठे आहे?

बघा, खात्याला वाचवायचं होतं *तरुण* नरांना. पण हरणाचा जन्मदाखला कोण बघणार? म्हणून वयाऐवजी शिंग मोजलं. जत्रेतल्या मोठ्या पाळण्यात वय न विचारता उंची बघून सोडतात ना, तसंच. आठ वर्षांचा उंच मुलगा आत जातो आणि बारा वर्षांचा बुटका बाहेर राहतो.

मिसिसिपी राज्यात नेमकं हेच झालं. १९९५ मध्ये तिथे नियम आला की दोन्ही शिंगं मिळून किमान ४ टोकं हवीत. आता समजा, सुपीक भागात दीड वर्षाचे दहा नर आहेत. चांगलं खाणं मिळालेल्या सहांना पहिल्याच वर्षी चार किंवा त्याहून जास्त टोकं आली. उशिरा जन्मलेल्या, कमजोर चौघांना आली नाहीत. नियमाने वाचवलं कुणाला? कमजोर चौघांना. आणि शिकाऱ्यांच्या हाती दिलं सर्वांत तगड्या सहांना! पुढच्या वर्षी मोठे होणार ते हे चारच.

मिसिसिपी स्टेट युनिव्हर्सिटीच्या संशोधकांनी आकडे तपासले, तेव्हा काही भागांत मोठ्या वयाच्या नरांची शिंगं नियमाआधीपेक्षा लहान झालेली आढळली. मोठ्या नरांसाठी केलेला नियम, आणि निकाल उलटा. यात आनुवंशिकता दोन-चार वर्षांत बिघडली असं नाही. चांगले नर आधीच मारले गेले, एवढंच.

मग दुरुस्ती काय केली?

टोकांऐवजी दोन शिंगांमधलं अंतर मोजायचं. टोकं पहिल्या वर्षीही भरपूर येऊ शकतात, पण शिंगांचा पसारा वयाबरोबर वाढतो. टेक्सासने २००२ मध्ये सहा काउंटींत प्रयोग सुरू केला. आतलं अंतर किमान १३ इंच हवं, किंवा निदान एका बाजूचं शिंग फाटा नसलेलं हवं. लांबून १३ इंच मोजायचे कसे? कानांवरून! सावध उभ्या नराचे कान टोकापासून टोकापर्यंत साधारण तेवढेच भरतात. शिंगं कानांच्या बाहेर गेली तर चालेल. पुढे मिसिसिपीनेही टोकं मोजणं सोडलं. अंतर किंवा मुख्य शिंगाची लांबी धरली, तीही प्रत्येक भागासाठी वेगळी.

आणि मिझुरीत? तिथे हरणांना होणारा 'क्रॉनिक वेस्टिंग डिसीज' हा मेंदूचा जीवघेणा रोग आला, ज्यावर उपचार नाही. मोठ्या नरांत तो जास्त आढळतो आणि तरुण नर लांब भटकतात. म्हणून रोगग्रस्त भागांत टोकांचा नियमच उठवला. तिथे तरुण नर वाचवणं हाच धोका ठरला.

मला या सगळ्यातून एक गोष्ट पटली. नियम चांगला की वाईट हे हेतूवरून कळत नाही. तो मोजतो काय आणि त्यामुळे मागे उरतं कोण, हे बघावं लागतं. आणि चुकतोय असं दिसलं तर बदलायची तयारी लागते.

जाता जाता आपल्यासाठी एक सूचना. ताडोबात किंवा मेळघाटात गळून पडलेलं शिंग दिसलं तर फोटो काढा, पण उचलू नका. ते घरी आणणं, विकत घेणं किंवा विकणं कायद्याने महागात पडू शकतं. शिवाय साळिंदरं कॅल्शियमसाठी ती शिंगं कुरतडतात, तेव्हा त्यांचा खाऊ त्यांना राहू द्या.

प्रश्न असाच भन्नाट असेल तर व्हॉइस मेसेज पाठवा. भेटू पुढच्या भागात!