पाचशे यार्डांचा पहारा
पाणी कोणाचं? : लेखांक ७

किनाऱ्याची खासगी मालकी कुठे संपते, ते गेल्या आठवड्यात पाहिलं. अमेरिकेत भरती-ओहोटीच्या पाण्याखालची जमीन राज्याने जनतेच्या वतीने सांभाळायची असते. न्यू जर्सीतल्या कालवांच्या भांडणातून सर्वोच्च न्यायालयाने १८४२ साली हे तत्त्व पक्कं केलं. मेरीलँडमध्ये खासगी हद्द भरतीच्या रेषेला थांबते, तर शेजारच्या व्हर्जिनियात ती ओहोटीच्या रेषेपर्यंत उतरते. त्यापलीकडचं पाणी कोणाच्या बापाचं नाही. असं असूनही याच दोन राज्यांतल्या चेसापीकच्या उपसागरात एखाद्या घरासमोरच्या पाण्यात बदकं मारायची तर अनेकदा त्या घरमालकाला विचारावं लागतं. आजचा लेख या विसंगतीविषयी आहे.

आपल्याकडे १९९१ च्या दुरुस्तीनंतर वन्यजीव कायद्यातून शिकारीचे परवानेच गेले. नांदूर मधमेश्वरच्या काठावर आता लपून बसतो तो फोटोवाला. त्यामुळे मराठी वाचकाला हे भांडण परकं वाटेल. पण यात बदकं निमित्तमात्र आहेत, मूळ वाद पाण्याचा आहे.

तिकडे ज्याला ‘डक ब्लाइंड’ म्हणतात, ते लपण असं असतं : उथळ पाण्यात चार-सहा लाकडी खांब ठोकायचे, वर फळ्यांची खोली करायची. समोरची बाजू छातीइतकी उंच, आत बसायला बाक. बाहेरून पाइन-सीडरच्या फांद्या किंवा लव्हाळी बांधून सगळं झाकायचं. खाली होडी सरकवायला जागा ठेवायची, नाहीतर वरून उडणाऱ्या बदकांना ती दिसते आणि सगळा खटाटोप पाण्यात. समोर फसवी बदकं तरंगत सोडायची आणि थंडीत कुडकुडत उजाडण्याची वाट पाहायची. बंदूक सूर्योदयाच्या अर्धा तास आधीपासून चालवता येते.

शिकार कधी करायची, किती बदकं मारायची, कशाने मारायची, हे बहुतेक संघराज्याच्या कायद्याने ठरतं. स्थलांतरित पक्ष्यांबाबत १९१६ साली कॅनडासाठी ब्रिटनशी करार झाला आणि १९१८ मध्ये त्याचा कायदा आला. दाणे टाकून पक्षी जमवणं आणि जिवंत बदकांचं आमिष दाखवणं १९३५ मध्ये बंद झालं. बंदुकीत तीनपेक्षा जास्त काडतुसं मावता कामा नयेत, आणि १९९१ पासून पाणपक्ष्यांच्या शिकारीत शिशाचे छर्रे देशभर बंद आहेत. लपण कुठे बांधायचं, ते मात्र राज्य ठरवतं, आणि खरी मारामारी तिथेच आहे.

व्हर्जिनियाचा नियम असा. स्थिर लपणाचा परवाना दरवर्षी घ्यायचा. पहिला हक्क काठाच्या मालकाचा. त्याने ३१ ऑगस्टपर्यंत तो बजावला नाही, तर त्या पाण्यावर इतरांना अर्ज करता येतो. परवान्यासोबत नंबराची पट्टी मिळते. परवान्याचं लपण एकदा उभं राहिलं की त्याच्या ५०० यार्डांच्या आत दुसऱ्या कोणाला त्या परवानाधारकाच्या परवानगीशिवाय पाणपक्ष्यांची शिकार करता येत नाही. अपवाद एवढाच, की घायाळ झालेलं बदक डोळ्यांसमोर पळत असेल तर त्याच्या मागे जाता येतं. ज्याला स्थिर जागा मिळत नाही त्याने तरंगतं लपण न्यावं. त्यालाही परवाना लागतोच आणि तेही ५०० यार्डांच्या बाहेरच ठेवावं लागतं.

हे अंतर डोळ्यांसमोर आणून पाहा. ५०० यार्ड म्हणजे सुमारे ४५७ मीटर. काठावरच्या एका लपणाभोवती एवढ्या त्रिज्येचं अर्धवर्तुळ काढलं तर जवळपास ८० एकर पाणी त्यात येतं. हजार-हजार यार्डांवर सहा लपणं असतील तर साडेपाच किलोमीटरचा काठ इतरांना बंद. उपसागर रुंद असेल तिथे मध्यभागी मोकळं पाणी उरतं, पण बदकांना काठालगतचं उथळ पाणी आवडतं. आणि चिंचोळ्या खाडीत एका काठावरचं एक लपण समोरचा काठही गिळतं.

हे सुरक्षिततेसाठी आहे, असं कोणी म्हणेल. मला ते पटत नाही. छर्ऱ्याच्या बंदुकीचा मारक पल्ला चाळीस-पन्नास यार्डांचा असतो. दोन टोळक्यांनी एकमेकांवर छर्रे उडवू नयेत एवढाच हेतू असता, तर याहून बरंच कमी अंतर पुरलं असतं. एवढं अंतर लागतं ते शेजाऱ्याने आपली बदकं वाटेतच अडवू नयेत म्हणून. ज्याने खांब ठोकले त्याची सकाळ राखण्यासाठी ही सोय आहे.

एकेकाळी तिच्यात अर्थही होता. काठाचा मालक बहुधा स्वतः शिकारी असायचा, घरं विरळ होती. आता त्याच काठावर बंगले उठले आहेत. पहाटे बारांनी झोपमोड झालेला बंगलेवाला करणार काय? आरडाओरडा करून बदकं उडवून लावावीत, तर शिकारीत मुद्दाम अडथळा आणणं हा गुन्हा आहे. मग तो वेगळी वाट धरतो. हातात बंदूक कधी धरली नसली तरी तो स्वतःच लपणाचा परवाना काढतो. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून सीट धरावी आणि गाडीत चढूच नये, तसा हा प्रकार. मेरीलँडमध्ये तर काठाच्या मालकाने आपला किनारा नोंदवला की तिथे दुसऱ्याला लपणाची जागा मिळत नाही. मालकाने स्वतः शिकार करावी अशी अट नाही.

बंगलेवाल्याची अडचण मला समजते. घराजवळ बंदूक नको, हे म्हणणं रास्तच आहे. पण त्यासाठी घरापासून ठरावीक अंतरात बार काढायला बंदी घालावी. अनेक ठिकाणच्या स्थानिक नियमांत तशी बंदी असतेही. शिकारीच्या परवान्याने शिकार अडवली की कायदा वाकडा होतो. शिवाय भरडला जातो तो बिनजमिनीचा शिकारी. सोळा किंवा त्याहून जास्त वयाच्या प्रत्येक बदक-शिकाऱ्याला संघराज्याचा बदक-स्टॅम्प घ्यावा लागतो. १९३४ मध्ये तो एक डॉलरला होता, आता पंचवीस डॉलरला आहे. त्याचा जवळजवळ सगळा पैसा पाणथळ जागा विकत घेण्यात आणि राखण्यात जातो. म्हणजे बदकांच्या घराचं भाडं हा भरतो आणि त्याला मात्र होडी लावायला जागा नाही.

हक्क काठाशी बांधलाच पाहिजे असं नाही. इलिनॉयमध्ये सरकारी तलावांवरच्या लपणांच्या जागा सोडतीने मिळतात. कॅलिफोर्नियातल्या सॅक्रामेंटोच्या वन्यजीव आश्रयस्थानात शिकारीच्या प्रत्येक दिवसासाठी सोडत असते. तिच्यात नंबर न लागलेले लोक फाटकाशी रांग लावतात आणि आतला शिकारी बाहेर पडला की रांगेतला पुढचा आत जातो. अशा आश्रयस्थानांच्या बऱ्याच जमिनींवर ४० टक्क्यांपेक्षा जास्त क्षेत्र पाणपक्ष्यांच्या शिकारीला सामान्यतः खुलं करता येत नाही, बाकीचं बदकांना.

व्हर्जिनियात लगेच सोडत येईल असं वाटत नाही, कारण काठाच्या मालकाला मत आहे, वकील आहे आणि ३१ ऑगस्ट ही तारीख त्याला पाठ आहे. निदान एवढं करता येईल : ज्याने लपण बांधलं पण हंगामभर वापरलं नाही, त्याचा पुढच्या वर्षीचा पहिला हक्क काढून घ्यावा.

पुढच्या आठवड्यात मोन्टानाच्या नद्या. तिथे प्रश्न उलटा आहे : काठ खासगी, पण नदीत उतरलेल्या माणसाला मालक हाकलू शकत नाही.