सरळ उडवणं अवघड का, आणि ते मोजायचं कसं?

सोलापुरात विमानाचा विषय निघाला की आधी चिमणी आठवते. सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी जून २०२३ मध्ये पाडली आणि होटगी रोडच्या विमानतळाची पुन्हा चर्चा सुरू झाली. आज मात्र धावपट्टीवर नाही, कॉकपिटमध्ये बसू या.

शिकाऊ वैमानिकाच्या पहिल्या धड्यांपैकी एक दिसायला अगदी साधा असतो: विमान सरळ, एकाच उंचीवर ठेवायचं. बारामतीला शिका नाहीतर गोंदियाला, यातून सुटका नाही. आणि नेमकं हेच जमत नाही.

काट्यामागे धावणं

नवखा विद्यार्थी उंचीच्या काट्याकडे टक लावून बसतो. काटा खाली गेला की नाक वर ओढतो. पण नाक वर केलं तरी उंची लगेच वाढत नाही. आधी विमानाचं खाली जाणं थांबतं, मग चढणं सुरू होतं. तेवढ्यात हा आणखी ओढतो. मग विमान हव्या त्या उंचीच्या वर जातं, की लगेच खाली ढकलतो. हॉस्टेलच्या गीझरचा नळ आठवा: पाणी गार म्हणून फिरवला, अजून गारच म्हणून आणखी फिरवला, आणि मग चटका बसला. परिणाम उशिरा दिसत असेल तर परिणामाकडे बघून दुरुस्ती करणारा हेलकावे खाणारच.

म्हणून प्रशिक्षक सांगतात, बाहेर बघ. विमानाचं नाक क्षितिजाच्या किती खाली आहे ते ठरव, तसंच धरून ठेव, हातावरचा दाब ट्रिमने काढून टाक, आणि काट्यावर अधूनमधून फक्त नजर टाक. म्हणजे परिणामाऐवजी कारण धरायचं. हा सराव शक्यतो सकाळी करतात. आपल्याकडच्या उन्हाळ्यात दुपारी जमीन तापली की हवा खालून धक्के देते. मग चूक विद्यार्थ्याची की हवेची, हेच कळत नाही. संशोधनाच्या भाषेत, सकाळची वेळ हे एक नियंत्रित चल झालं.

माझी चूक

आता समजा यावर प्रयोग करायचाय. कोण चांगलं उडवतंय हे कसं ठरवाल? माझ्या पहिल्या प्रस्तावात मी 'सरासरी चूक' असं लिहिलं होतं. सादरीकरणात एका सरांनी फळ्यावर दोन विद्यार्थी मांडले. ठरलेली उंची ३००० फूट.

अ: २९००, ३१००, २९००, ३१००
ब: ३०२०, ३०२०, ३०२०, ३०२०

अ ची सरासरी चूक शून्य, ब ची २० फूट. म्हणजे माझ्या मोजपट्टीवर हेलकावे खाणारा अ पहिला आला! मी गप्पच झाले. अधिक-उणे चुका एकमेकींना खाऊन टाकतात, हे बारावीतही माहीत होतं. लिहिताना सुचलं नाही.

उपाय सोपा आहे. चुकांचे वर्ग करा, त्यांची सरासरी काढा, मग वर्गमूळ. अ चं उत्तर १००, ब चं २०. पण सरासरी फेकून देऊ नका. ती कल सांगते, प्रमाण विचलन हेलकावा सांगतं. ब ला फक्त २० फूट खाली यायचंय, अ ला बाहेर बघायला शिकायचंय. दोघांना शिकवणं वेगळं.

जमलं की शिकला?

दुसरा सापळा जास्त फसवा आहे. शेजारी बसलेला प्रशिक्षक सतत 'नाक खाली, थोडं वर' म्हणत राहिला तर आकडे छान येतात. पण उद्या तो गप्प बसला तर? १९८४ मध्ये साल्मोनी, श्मिट आणि वॉल्टर यांनी आधीच्या प्रयोगांचा आढावा घेऊन मांडलं, की सरावात सतत मिळणारा अभिप्राय तेव्हा कामगिरी सुधारतो, पण शिकणारा त्याच्यावरच विसंबतो. म्हणून खरी परीक्षा नंतर, अभिप्राय काढून घ्यायची असते.

पण थांबा, लगेच निष्कर्ष नको. २००२ मध्ये वुल्फ आणि शे यांनी दाखवून दिलं, की साध्या प्रयोगशाळेतल्या कृतींवरचे नियम गुंतागुंतीच्या कौशल्यांना तसेच्या तसे लागू होत नाहीत; तिथे जास्त अभिप्राय कधी कधी उपयोगी पडतो. मग सरळ उडवणं साधं की गुंतागुंतीचं? तुमच्या प्रस्तावातली 'संशोधनातील उणीव' अशाच जागी सापडते.

आज एक काम करा. तुमच्या प्रस्तावातलं मुख्य मोजमाप काढा आणि असे दोन काल्पनिक विद्यार्थी कागदावर मांडा. चुकीचा पहिला येतोय का बघा. येत असेल तर बरं झालं, सादरीकरणाच्या आधी कळलं.